मर्टचा दांडा

मर्टन नोस्केच्या पिकअपच्या टपावर तीस वर्षं एक ॲल्युमिनियमचा दांडा बांधलेला होता. बरोबर चार मीटरचा. दर मीटरला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली आणि मधे सगळीकडे पाच-पाच सेंटीमीटरच्या खुणा. आमच्या जेरंगल गावाच्या आसपास कुंपणं घालणारे आणखी तिघं-चौघं होते. त्यांच्या टपावर शिडी असायची, नाहीतर मागे भुंकणारं कुत्रं. मर्टकडे दांडा. लोक म्हणायचे, मर्ट चर्चमध्येसुद्धा दांडा घेऊन बसतो आणि पाद्रीबाबांचं प्रवचन चार मीटरच्या पुढे गेलं की उठून जातो. मर्ट हे ऐकून हसायचा नाही. त्याला विनोद कळायचे, पण मापावरचे आवडायचे नाहीत.

दांड्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. शेताच्या हद्दीवर कुंपण घालायचं तर हद्दीच्या रेषेपासून आत चार मीटरचा पट्टा बिनपरवाना साफ करता येतो, असा आमच्याकडचा नियम. त्या चारात शंभर वर्षांचं झाड येवो की कालचं झुडूप, पाडायला तुम्ही मोकळे. चारच्या पुढची एक फांदी तोडायची तरी कौन्सिलच्या दारात जा, अर्ज भरा, सहा महिने वाट बघा. आणि हद्दीच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला जी झाडं आहेत ती सरकारची, त्यांच्या पानालाही हात लावायचा नाही. नियम चांगला आहे की वाईट हे मी सांगत नाही. पण मशीन एकदा सुरू झालं की चाराचे पाच होतात, पाचाचे सात. मशीनवाला म्हणतो मला शेतकऱ्याने सांगितलं, शेतकरी म्हणतो मला वाटलं मशीनवाल्याला माहीत असेल. असं आमच्याकडचं उरलंसुरलं रान गेलं आणि कुणाच्याच हातून गेलं नाही.

मर्टच्या कामावर हे चालत नसे. तो आधी स्वतः दांडा घेऊन सगळी हद्द चालायचा, दर झाडाला दांडा लावायचा, पांढऱ्या खुंट्या ठोकायचा आणि मगच मशीनला वाट द्यायचा. माप बुंध्याच्या मध्यापर्यंत घ्यायचं, हा त्याचा शिरस्ता. चार मीटरवर बुंध्याचा मध्य आत आला तर झाड जाणार, बाहेर राहिला तर राहणार. कुणी म्हणालं, "मर्ट, दोन बोटांनी काय होतंय?" तर तो म्हणायचा, "दोन बोटांनी काही होत नसेल तर तू दोन बोटं मागे सर." एकदा त्याच्याच हातून चूक झाली. खुंटी तिरकी लागली आणि चार मीटर वीसवरचं एक झाड आडवं झालं. कुणी पाहिलं नव्हतं. मर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, चर्चचा सदरा घालून कौन्सिलच्या ऑफिसात गेला आणि स्वतःवर दंड लावून घेऊन आला. त्या दिवसापासून जेरंगलमध्ये मर्टचं माप कुणी दुसऱ्यांदा मोजलं नाही. आम्ही म्हणायचो, सरकारचा नियम बदलेल, मर्टचं माप बदलणार नाही.

गंमत अशी की हाच मर्ट सोळाव्या वर्षी रान पाडायच्या कामावर होता. तेव्हा नियम उलटा होता. त्याच्या बापाला, ऑगस्ट नोस्केला, जमीन मिळाली तीच करारावर: दरसाल साठ एकर झाडं पाडून मोकळे करा, नाहीतर जमीन परत. दोन ट्रॅक्टर, मध्ये जहाजाची जाड साखळी. एक ट्रॅक्टर ऑगस्टचा, दुसऱ्यावर मर्ट. दोन्ही एकाच चालीने पुढे निघाले की मधली झाडं मुळासकट आडवी होत जायची. संध्याकाळी जेवायला बसल्यावर मर्टला ताटातल्या बटाट्यालाही धुळीचा वास यायचा. ऑगस्ट फारसं बोलायचा नाही. जेवणाआधी जर्मनमध्ये प्रार्थना म्हणायचा, जेवायचा, झोपायचा. खोटं बोलणं तर सोडाच, तो पावसाबद्दल अंदाजसुद्धा करायचा नाही.

कराराच्या शेवटच्या वर्षी मर्ट लोकर कातरायच्या शेडवर कामाला गेला होता. चार महिन्यांनी परत आला तर रस्त्याच्या बाजूचं कुंपण बापाने एकट्याने उभं केलेलं. अर्धा मैल, सरळ, एकही तार ढिली नाही. कुंपणाच्या पलीकडे, रस्त्याच्या अंगाला, बुलोकांची एक रांग तेवढी उरली होती. बुलोक म्हणजे सुरूच्या जातीचं झाड: तशीच सुईसारखी पानं, वारा सुटला की तसाच लांब सुस्कारा. एकतीस झाडं. मर्टची आई, हेडी, समुद्राकाठच्या गावची. लग्न होऊन ती या कोरड्या मुलखात आली आणि पुन्हा समुद्र तिने दोनदाच पाहिला. दुपारची कामं आटोपली की ती चहाचा कप घेऊन त्या रांगेखाली बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, कपडे वाळतायत का बघतेय. कपडे घराच्या मागे वाळत असायचे.

जमीन खात्याचे साहेब तपासणीला आले, तेव्हा मर्ट बापाच्या शेजारी उभा होता. साहेबांनी सगळी जमीन फिरून पाहिली, खूश झाले, आणि मग कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ती झाडं?"

"ती रस्त्याची आहेत," ऑगस्ट म्हणाला. "माझी नाहीत."

साहेबांनी कुंपण पाहिलं, झाडं पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं. हेडीने केलेला साखर-दालचिनीचा जर्मन पाव खाल्ला, चहा घेतला आणि गेले.

पुढे नियम फिरले. ज्या सरकारने झाडं पाडली नाहीत म्हणून जमीन काढून घ्यायची धमकी दिली होती, तेच झाड पाडलं म्हणून दंड करायला लागलं. शेतकऱ्यांनी बोटं मोडली. मर्टने दांडा केला. का केला, हे तो कुणाला सांगायचा नाही; लॉर्नाला, त्याच्या बायकोला, एकदाच म्हणाला होता, "मी हजारो पाडलीत गं. आता कुठे थांबायचं हे कुणीतरी आखून दिलंय, तर निदान तिथे तरी थांबावं."

ऑगस्ट गेला, हेडी गेली. मोठ्या दुष्काळात मर्टने जमीन शेजाऱ्याला विकली आणि लॉर्नासह गावात, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आला. जमीन गेल्याचं दुःख त्याने बोलून दाखवलं नाही. पण कुठल्याही कामावर जाताना तो वाकडी वाट करून बुलोकांच्या रस्त्याने जायचा आणि तिथे आल्यावर काच खाली करायचा. लॉर्ना शेजारी असली तर तीही गप्प बसायची. आणि लॉर्ना गप्प बसणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

आता मूळ गोष्ट. मर्टला पंचाहत्तरावं लागलं त्या उन्हाळ्यात शेजाऱ्याचा मुलगा ब्रोडी, जो आता तिथली शेती बघायचा, मर्टकडे आला. ऑगस्टचं कुंपण गंजून गेलं होतं, मेंढ्या रस्त्यावर यायला लागल्या होत्या.

"तुमच्या बापाचं कुंपण आहे," ब्रोडी म्हणाला, "दुसऱ्या कुणाला हात लावायला सांगणं बरं दिसत नाही. तुम्हीच करा."

"शेवटचं काम म्हणून करतो," मर्ट म्हणाला. "नंतर गुडघे लॉर्नाच्या नावावर करणार आहे."

दोघं कुंपणापाशी उभे होते. माशा तोंडावर बसत होत्या. ब्रोडी चांगला मुलगा, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्याला शिव्या घालायचं. कामसू, आईबापांना धरून राहणारा, अग्निशमनच्या स्वयंसेवकांत पहिला. त्याने बुलोकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही रांग मध्ये नसती तर बरं झालं असतं. माझ्या फवारणीच्या यंत्राचे पंख छत्तीस मीटरचे. या टोकाला वळायला जागाच नाही."

"ती रस्त्याची आहेत," मर्ट म्हणाला. "तुझी नाहीत."

"ठाऊक आहे हो. नुसतं म्हटलं."

इथे गोष्ट संपायला हवी होती. ब्रोडीने विषय सोडला होता, तो खांबांचं बोलायला लागला होता. पण मर्टच्या डोक्यात किडा शिरला. आज ब्रोडी ऐकतोय. उद्या ब्रोडी जमीन विकेल, नाहीतर कुठली कंपनी येईल, मर्ट तोवर मातीत असेल. कुणीतरी परका मशीनवाला येईल आणि म्हणेल, मला वाटलं शेतातलीच झाडं आहेत. तोंडी गोष्टींवर मर्टचा विश्वास नव्हता. मोजलेल्या गोष्टीवर होता.

"मोजणी करून घे," तो म्हणाला.

"कशाला उगाच? कुंपण आहे ना."

"कुंपण म्हणजे हद्द नव्हे. कागदावर येऊ दे ती झाडं रस्त्याची आहेत म्हणून. मग कुणाचा बाप हात लावणार नाही. फी मी निम्मी देतो."

"तुमची निम्मी नको," ब्रोडी हसून म्हणाला. "बरं, तुमचं समाधान. करू."

आमच्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मोजणीला शहरातून एक मुलगी आली. तिपाईवर यंत्र, पाठीवर अँटेना, डोक्यावर मोठी टोपी. मर्ट सकाळी सातलाच जाऊन बसला होता; थर्मास, मटणाचं सँडविच, खाली अंथरायला पोतं. मुलगी कुंपणापाशी आली आणि थांबली नाही. तारा ओलांडून, बुलोकांच्या मधून वाट काढून ती पलीकडे रस्त्याच्या चरापाशी गेली आणि तिथे गुलाबी झेंडी रोवली.

"हद्द इथे आहे," ती म्हणाली.

"तिथे कुठे, पोरी? ती रस्त्याची बाजू आहे."

"मी नाही म्हणत. उपग्रह म्हणतोय."

"उपग्रहाने कधी कुंपण घातलंय का?"

मुलगी हसली. तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. "जुनी खूण सापडली तर बघूया," ती म्हणाली. "त्या काळचे मोजणीदार कोपऱ्यात लोखंडी खुंटी पुरायचे, भोवती दगडांचं कडं करायचे. इथेच कुठेतरी असेल."

पहार मर्टची होती, म्हणून खणलंही त्यानेच. वीतभर खाली पहार खणकन वाजली. पण दगडावर वाजते तशी नव्हे. त्याने हाताने माती बाजूला केली. वर नांगराचा एक फाळ पालथा घातलेला होता. फाळ उचलला तर खाली दगडांचं कडं आणि मधोमध गंजलेली चौकोनी खुंटी.

मुलीला खुंटीचा आनंद झाला. ती फोटो काढायला लागली. मर्ट फाळ हातात घेऊन बसला होता. फाळाला दोन भोकं कारखान्यातली होती, तिसरं हाताने पाडलेलं, जरा वाकडं. ऑगस्टचे सगळे फाळ असे असायचे. त्याच्या नांगराला तिसरा बोल्ट लागायचा. असा फाळ आपोआप खुंटीवर येऊन पालथा पडत नाही. कुणीतरी खुंटी शोधून, तिच्यावर तो झाकून, माती ओढून, वर पाय देऊन सारखं करावं लागतं.

खुंटीपासून कुंपणापर्यंत पाच मीटर भरले. मोजणीदारांची जुनी साखळी वीस मीटरची, त्या मापाने पाव साखळी, एक तसू इकडे नाही की तिकडे नाही. बापाने तेसुद्धा मोजूनच केलं होतं. अर्धा मैल लांब, पाव साखळी रुंद, म्हणजे पुरता एक एकर. ज्या जमिनीसाठी हाडाची काडं केली, त्यातला एक एकर ऑगस्टने कुंपणाबाहेर टाकला होता. वर साहेबांच्या तोंडावर, मुलाच्या देखत, सरळ खोटं बोलला होता. आणि हे सगळं दुपारी चहाचा कप घेऊन बसणाऱ्या एका बाईसाठी, जिला त्याने उभ्या जन्मात एक गोड शब्द दिलेला मर्टने ऐकला नव्हता.

मर्टला रडू आलं. मुलीने विचारलं, "बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "ऊन लागलं," आणि पिकअपमध्ये जाऊन बसला.

बाकीचं समजायला त्याला कुणाची गरज नव्हती. तरी त्याने कौन्सिलमध्ये शोनाला फोन लावला. शोना झाडांच्या नियमांची अधिकारी. मर्टला मानायची, नवे नियम आले की आधी त्याला वाचून दाखवायची.

"हद्दीच्या आत आहेत?" तिने विचारलं.

"आत आहेत."

"किती आत?"

"दोन-साडेदोन. काही तीनच्या पुढे."

"मर्ट, मग तुम्हाला मी काय सांगू?" शोना म्हणाली. "हा नियम मला तुम्हीच शिकवलात. रस्त्यावर असती तर मी मशीनसमोर उभी राहिले असते. त्यांच्या जमिनीत, हद्दीपासून चारच्या आत, कुंपणासाठी... मला हात नाही घालता येत."

"ठाऊक आहे," मर्ट म्हणाला. "विचारलं फक्त."

मोजणी झालीच नसती तर ती एकतीस झाडं आणखी शंभर वर्षं रस्त्याची म्हणून उभी राहिली असती. बापाचं खोटं साठ वर्षं टिकलं. मुलाच्या खरेपणाने ते एका सकाळीत उपटलं.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर त्याने ब्रोडीला बाजूला घेतलं. आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागायचं कसं हेच त्याला येत नव्हतं. "ती झाडं," तो म्हणाला. "ठेवता आली तर बघ. कुंपण आहे तिथेच घालू. मी मजुरी घेणार नाही."

ब्रोडीने टोपी काढून हातात घेतली. "मर्ट, तुम्ही आधी बोलला असतात तर विषयच नव्हता. तेव्हा ती माझी नव्हती. आता बाबांनी कागद बघितलाय, आमचा विमावाला बघून गेलाय. गेल्या उन्हाळ्यात आग लागली तेव्हा बंब त्या टोकाला अडकला होता, आठवतंय? मी होतो त्या बंबावर. माझी कर्स्टन मुलांना घेऊन घरात होती. मी तिला काय सांगू, झाडं सुस्कारे टाकतात म्हणून ठेवली?" त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "तुम्हीच म्हणालात मोजून घे. मी म्हणालो होतो कशाला."

"म्हणाला होतास," मर्ट म्हणाला.

"चारच्या पलीकडचं एकही झाड पाडणार नाही. शब्द देतो. तुम्ही खुंट्या माराल त्याच्या बाहेर दात लागणार नाही मशीनचा."

हे ब्रोडीने मनापासून दिलं होतं. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

घरी लॉर्ना म्हणाली, "सोड ते काम. करू दे दुसऱ्या कुणाला."

"दुसरा आला तर चारचे सात करेल. रस्त्याची खरी झाडंही घेऊन जाईल."

"मग तू स्वतःच्या हाताने आखून देणार?"

"हो."

"तुझ्या डोक्यात मेंदू आहे की खुंटी आहे रे?" लॉर्ना म्हणाली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मार्च महिन्यात एका मंगळवारी काम सुरू झालं. मशीनवर स्पड होता, वीस वर्षं मर्टबरोबर काम केलेला, पोट सुटलेला, बडबड्या. त्या दिवशी तोही बोलत नव्हता. मर्ट पुढे, मागे ब्रोडी खुंट्यांची पिशवी घेऊन, त्यामागे मशीन. नव्या हद्दीच्या दोरीला दांड्याचं एक टोक टेकवायचं, दुसरं झाडाकडे न्यायचं, आकडा बोलायचा. "दोन-चाळीस." स्पड मशीनचा हात वर करायचा, बुंध्याच्या वरच्या अंगाला टेकवायचा आणि ढकलायचा. बुलोक वरून नाजूक दिसतो पण लाकूड लोखंडासारखं. आधी काही होत नाही. मग जमिनीतून मुळं तुटल्याचे आवाज येतात, एकेक, थांबून थांबून. "दोन-साठ." "दोन-पंचावन्न." "तीन." वरच्या फांद्यांवर लाल शेपटीचे काळे काकाकुवे बिया फोडत बसले होते. झाड हललं की ते उठून पुढच्या झाडावर बसायचे. दुपारपर्यंत असे ते रांगेच्या टोकापर्यंत सरकत गेले.

जेवायला कुणी बसलं नाही. सँडविच तसंच डब्यात राहिलं. तीनच्या सुमाराला तीस झाडं आडवी झाली होती आणि जिथे सकाळी सावली होती तिथे नुसता फुफाटा उडत होता.

एकतिसावं झाड कोपऱ्यातलं. सगळ्यांत जुनं, जरा आत कललेलं. बुंध्यापाशी एक जागा घासून गुळगुळीत झालेली होती. तिथे पाठ टेकून कुणीतरी वर्षानुवर्षं बसलं असणार. मर्टने दोरीला दांडा टेकवला आणि दुसरं टोक बुंध्याकडे नेलं. दांड्याचं टोक बुंध्याच्या मध्यापाशी थांबलं नाही. मध्य ओलांडून पुढे गेलं, चांगलं वीतभर. तीन-ऐंशी.

मर्ट ओणवा झालेला होता, तसाच राहिला. स्पडने इंजिन हळू केलं. ब्रोडी खुंटी घेऊन वाट बघत होता.

"चार-दहा," मर्ट म्हणाला.

स्पडने कान पुढे केला. "किती?"

"चार-दहा. बाहेर आहे."

ब्रोडी दोन हातांच्या अंतरावर उभा होता. लाल पट्ट्या त्याला दिसत होत्या. दांड्याचं टोक बुंध्याच्या कुठल्या अंगाला आहे, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. त्याच्या कमरेला मोजपट्टी लटकत होती, तिच्यावर त्याचा हात गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने मर्टच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मर्ट चार-दहा म्हणतायत तर चार-दहा," तो स्पडला म्हणाला. "बंद कर मशीन. झालं काम."

त्याने हातातली पांढरी खुंटी झाडाच्या अलीकडे, मर्टने दाखवली तिथे ठोकली. मोजली नाही. जेरंगलमध्ये मर्टचं माप दुसऱ्यांदा मोजायची पद्धत नव्हती.

मर्ट संध्याकाळी घरी आला तेव्हा दांडा टपावर नव्हता. लॉर्नाने ते खिडकीतूनच पाहिलं, पण विचारलं नाही. भाजलेलं मटण, वाटाणे, पुदिन्याची चटणी असं ताट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला हात जोडले आणि म्हटली नाही.

"आज खोटं बोललो," तो म्हणाला.

लॉर्ना खुर्ची ओढून समोर बसली. "किती?"

"वीतभर. कोपऱ्यातलं एक राहिलं. आईचं."

"बरं केलंस," लॉर्ना म्हणाली. "देव एवढ्या वितीचा हिशेब मागत नाही."

मर्टने मान हलवली. देवाचं त्याच्या मनात नव्हतं. मटण गार झालं, चटणीवर साय धरल्यासारखं झालं. मग म्हणाला, "बाबा पाच मीटरचं खोटं बोलले गं, अर्धा मैल लांब. एका दमात. मी शेजारी उभा होतो, मला कळलंसुद्धा नाही." त्याने ताट बाजूला सारलं. "मलाही येत होतं की. आज कळलं, येत होतं. पहिल्या झाडापाशीच बोललो असतो तर ब्रोडीने तेही ऐकलं असतं. तीस झाडं मी खरं बोलत बसलो, लॉर्ना."

लॉर्नाने त्याचा हात धरला.